दोन बाहेरची माणसं

घरातल्या कागदांतही मानपान असतो. फ्लॅटचं खरेदीखत सगळ्यांत तोऱ्यात. अंगावर शिक्के, बारकोड, दुय्यम निबंधकाची सही; जाड प्लास्टिकच्या फोल्डरात त्याची खास सोय. एफडीच्या पावत्या रबरबँड लावून एकत्र. विम्याच्या पॉलिसीला स्वतःचं पाकीट. जुनं झालेलं रेशनकार्डसुद्धा कुणी टाकून देत नाही. या सगळ्यांच्या तळाशी, बहुधा साड्यांच्या घड्यांखाली, एका खाकी लिफाफ्यात मृत्युपत्र असतं. यातला कुठलाच थाट त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलं तरी ते पुरतं. नोंदणी केली तर बरं, नाही केली तरी कायदा त्याला दारातून परत पाठवत नाही.

मालक हिंडताफिरता आहे तोवर या कागदाला कवडीचा अधिकार नसतो. त्यावर कर्ज मिळत नाही. त्यात ज्याचं नाव आहे त्याला घराच्या किल्लीवरही हक्क सांगता येत नाही. मालकाच्या मनात आलं तर काल लिहिलेलं आज फाडून टाकावं, कुणाला विचारायची गरज नाही. शेजारीच ठेवलेलं कुलमुखत्यारपत्र मात्र तेव्हा भलतंच कामसू असतं. गुडघे दुखणाऱ्या मालकाच्या वतीने ते बँकेत जातं, भाडेकरारावर सही करतं, सरकारी कचेरीत रांगेत उभं राहतं. या दोघांची गाठ कधीच पडत नाही. माणूस गेला की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या तिथे संपतं, आणि मृत्युपत्राचा कारभार तिथून सुरू होतो. वडील गेल्यावरही त्यांच्या मुखत्यारपत्रावर सह्या करत राहणारी आणि मग बँकेच्या काउंटरवर खजील होणारी मुलं काही कमी नाहीत.

मृत्युपत्र बोलायला लागलं की त्याची भाषा आजची वाटत नाही. ‘मी खाली सही करणार, वय वर्षे ७४, धंदा सेवानिवृत्त, राहणार…’ इथून सुरुवात. मग ‘मनुष्यदेह नश्वर आहे, जीविताचा भरवसा नाही’ असं एक वाक्य, जणू वाचणाऱ्याला ही बातमी नवीच आहे. पुढे, ‘माझी प्रकृती ठीक असून मला सर्व गोष्टी नीट समजतात. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणतीही नशापाणी न करता लिहून ठेवीत आहे.’ जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना हे वाक्य टाइप झालेलं दिसलं की ते चष्मा काढून वकिलाकडे बघतात. वकील वाक्य काढत नाही. ‘बाबांना तेव्हा कळत नव्हतं’, ‘थोरल्याने सही करून घेतली’, ‘औषधाच्या गुंगीत होते’ असं उद्या कुणीतरी म्हणणार, हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा उत्तर द्यायला बाबा नसणार, म्हणून हा कागद उत्तरं आधीच पाठ करून ठेवतो.

एरवी स्वभावाने तो सोशिक. वकील लागतोच असं नाही. भाषा कोणतीही चालते. कायद्याचे शब्द चुकले तरी मनातला अर्थ कळला की झालं. हट्ट एकच, आणि तो १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ मध्ये लिहून ठेवलेला आहे. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन माणसांनी ती सही होताना पाहून, किंवा ‘ही सही माझीच’ असं त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर आपापली सही करावी. दोघांहून एकही कमी चालत नाही. नोंदणीचे कितीही शिक्के मारले तरी या दोघांची उणीव भरून निघत नाही.

‘घरातली गोष्ट घरात’ यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आपल्या घरांना हा हट्ट जड जातो. पासबुकातली शिल्लक बायकोला न सांगणारी माणसं आपल्यात आहेत, आणि हा कागद म्हणतो की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांना बोलवा. वास्तविक काकांनी आतलं काही वाचण्याची मुळीच गरज नसते. कोणाला काय दिलं हे साक्षीदाराला माहीत असावं, असं कायदा म्हणत नाही. सही कोणी केली आणि करताना तो शुद्धीवर होता का, एवढंच त्याने डोळ्यांनी पाहायचं.

सहीचा तो कार्यक्रम बघण्यासारखा असतो. बहुधा रविवारची सकाळ धरतात. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड पुसून कागद मांडलेले. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर आलेले असतात; त्यांनी नाडी, रक्तदाब बघून ‘मन सक्षम आहे’ असा दाखला वेगळा लिहिलेला असतो, शिवाय साक्षीदार म्हणूनही तेच बसतात. दुसरे समोरचे काका. घरमालक प्रत्येक पानाच्या तळाशी सावकाश सही करतात. एका पानावर पीएफचा खातेक्रमांक चुकलाय, तो खोडून वर नवा लिहिला जातो आणि शेजारी तिघांच्याही आखूड सह्या घेतल्या जातात. शेवटच्या पानावर मजकूर अर्ध्यावर संपलेला असतो. उरलेल्या जागेत नंतर कोणी ओळ घुसडू नये म्हणून वकील तिथे तिरकी रेघ ओढतो. काका पुढे सरसावले की घरमालक मजकुरावर ‘लोकसत्ता’ आडवा ठेवतात आणि सहीपुरती जागा उघडी सोडतात. काकांना याचा थोडा राग येतो, पण ते सही करतात, खाली पूर्ण नाव, पत्ता, तारीख लिहितात. मग पोहे येतात. पोहे आणणाऱ्या सुनेला आज घरात काय चाललंय ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि तिला ते नेमकं माहीत असतं.

डॉक्टरांना आणि काकांना बोलावण्यात एक शहाणपण आहे. ज्याला वाटा मिळणार त्याने साक्षीला बसू नये. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत तर साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला ठेवलेला वाटा कायद्यानेच बाद होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही. तरी लाभार्थीच साक्षीदार असला की समोरच्या वकिलाचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. दुसरं, साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावा. पंचाहत्तरीतल्या माणसाने आपल्या पंचाहत्तरीतल्या दोन मित्रांना साक्षीला बसवलं, तर वेळ येईल तेव्हा तिघांपैकी कोण उरेल याचा हिशेब अवघड होतो. आणि वेळ येते. वाद कोर्टात गेला की दोघांपैकी निदान एकाला, तो हयात असेल आणि येण्याजोगा असेल तर, पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं की हो, मी पाहिलं.

हे इतकं कडक का, ते १९५८ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर, पुढे सरन्यायाधीश झालेले. त्यांचा मुद्दा साधा होता. एरवीच्या दस्तऐवजाबद्दल शंका आली तर करणाऱ्याला बोलावून विचारता येतं. मृत्युपत्र पुढे येतं तेव्हा त्याचा कर्ता जगात नसतो. म्हणून जो ते घेऊन येतो त्यानेच शंका फेडायच्या. सही थरथरती आहे का, मन दुबळं झालं होतं का, जवळच्या वारसांना काही कारण न देता डावललंय का, ज्याला सगळ्यांत मोठा वाटा मिळाला तोच मृत्युपत्र करण्यात पुढे होता का. आज साठहून अधिक वर्षांनंतरही मृत्युपत्राचा वाद निघाला की हा निकाल उघडला जातो.

बाहेरच्या माणसांशी असलेलं याचं नातं साक्षीदारांवर थांबत नाही. मालकाच्या पश्चात सगळा कारभार बघायला त्याला एक एक्झिक्युटर लागतो. या नेमणुकीपायी माणूस किती खोल पाण्यात जाऊ शकतो, याचा सगळ्यांत मोठा दाखला पुण्याचाच आहे.

१८९७ चा ऑगस्ट. राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेले लोकमान्य टिळक ४ तारखेला जामिनावर सुटले होते. ७ तारखेला त्यांचे स्नेही, पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार बाबामहाराज, पटकीने गेले. जाण्यापूर्वी त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि कारभार बघणाऱ्यांत टिळकांचं आणि दादासाहेब खापर्ड्यांचं नाव घातलं. पत्नी ताईमहाराज कोवळ्या वयाच्या, त्यातून गरोदर. मूल जगलं नाही तर या मंडळींच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी व्यवस्था होती. डोक्यावर खटल्याची तलवार असताना टिळकांनी हे ओझं नाकारलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते घेतलं. मग स्वतः शिक्षा भोगून आले. मधल्या काळात मूल जगलं नाही.

१९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तक झालं. ताईमहाराजांचं मन पुढे दुसऱ्या मुलाकडे वळलं आणि त्यांनी टिळक वगैरे मंडळींना मिळालेलं प्रोबेट, म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाने मारलेला शिक्काच, रद्द करावं, असा अर्ज केला. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी ते रद्द केलं, आणि वर टिळकांवरच खोट्या साक्षीचा खटला भरायला लावला. एका मित्राच्या इस्टेटीचा हिशेब नीट ठेवण्याच्या भानगडीत लोकमान्यांना १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि ४ मार्च १९०४ रोजी हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. दत्तकाचा दिवाणी दावा त्यानंतरही चालूच होता. टिळक मंडालेत असताना हायकोर्टाने जगन्नाथाच्या विरुद्ध निकाल दिला. अखेर १९१५ च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला आणि दत्तक वैध ठरवलं. एका दिवसात, पटकी झालेल्या माणसाच्या उशाशी लिहिला गेलेला कागद; त्याचा शेवटचा शब्द यायला सतरा वर्षं लागली. त्यात बाबामहाराजांच्या हेतूत खोट नव्हती. घाईत केलेलं मृत्युपत्र दत्तकासारखा नाजूक निर्णय पुढच्यांच्या संमतीवर सोडतं, तेव्हा ते भांडणाचीही तरतूद करून ठेवतं.

एरवीचा एक्झिक्युटर टिळकांइतका अडचणीत येत नाही, पण त्याची स्थिती लग्नघरातल्या कोठीवाल्यासारखी असते: सगळ्यांना मोजून वाढायचं, शिव्या खायच्या आणि आपण शेवटी जेवायचं. कायद्याने त्याच्यासाठी वाढण्याचा क्रमही ठरवला आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या दुखण्याचा खर्च. मग प्रोबेट आणि कारभाराचा खर्च. आणि त्यानंतर, इतर सगळ्या देण्यांच्या आधी, मजुराचा, कारागिराचा आणि घरात काम करणाऱ्या माणसाचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार. धुणंभांडी करणाऱ्या बाईंचे थकलेले पैसे उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याच्या आधी द्यायचे, हे १९२५ च्या कायद्याला सुचलं होतं. पुष्कळ वारसांना ते आजही सुचत नाही. मग बाकी कर्ज, आणि सगळ्यांच्या शेवटी मृत्युपत्रातले वाटे. प्रोबेट घेतलेल्या एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टाला द्यायचा असतो. वाटे देण्यासाठी त्यालाही मृत्यूनंतर एक वर्षाची सवड असते. तेराव्याच्या दिवशी ‘मग फ्लॅटचं काय ठरलं’ म्हणून विचारणाऱ्या मेव्हण्याला हे कलम दाखवायला हरकत नाही.

 प्रोबेटच्या बाबतीत मुंबईचा माणूस कित्येक वर्षं वेगळ्या पंक्तीत बसला होता. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असलं किंवा त्यातली जागा मुंबईत असली, तर हिंदू, जैन, शीख, बौद्ध, पारशी अशा सगळ्यांना प्रोबेट सक्तीचं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे बाप गेला तर हायकोर्टात अर्ज, वर्तमानपत्रात नोटीस, वारसांची संमतिपत्रं, कोणी हरकतीचं कॅव्हेट टाकलं तर सरळ दावा. नाक्यापलीकडे, ठाण्यात, तसाच बाप तसाच कागद ठेवून गेला तर यातलं काहीच सक्तीचं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही तरतूद असलेलं कलम २१३ वगळलं आणि नाक्याच्या दोन्ही बाजू एकसारख्या झाल्या. पण बंधन गेलं म्हणून मृत्युपत्राचा जबाब संपला नाही. वाद निघाला की ते सिद्ध करावंच लागतं, आणि भांडणाची चिन्हं दिसत असतील तर आपणहून प्रोबेट घेऊन ठेवणं आजही शहाणपणाचं आहे.

या कागदाच्या नात्यागोत्यात एक भलताच गैरसमज पसरवणारा इसम आहे: नॉमिनी. बँकेच्या फॉर्मवर, सोसायटीच्या रजिस्टरात, विम्याच्या पॉलिसीवर त्याचं नाव असतं, म्हणून तो स्वतःला वारस समजतो आणि पुष्कळदा घरचेही तसंच समजतात. त्याचं काम साधारणपणे पैसे स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचं. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं (२०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर तिथे गोष्ट वेगळी), आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबतचा वाद डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात मिटला: नॉमिनी मालक होत नाही. आपल्याकडची हौसिंग सोसायटीसुद्धा नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. कायमचा भागदाखला मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक तडजोडीचा कागद बघून. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. म्हणजे गैरसमज करून घेणारेही आता चार होऊ शकतात.

दुसरं भावंड बक्षीसपत्र. ते उतावळं. मृत्युपत्र थांबायला तयार असतं. बक्षीसपत्र आजच्या आज नाव चढवतं. महाराष्ट्रात नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, त्यामुळे ते लोकप्रियही आहे. पण दिलेलं परत मिळत नाही. सांभाळाच्या अटीवर दिलं असेल आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं, तेही अर्जविनंत्या करून. एकाच कागदात दोन विसंगत कलमं आली तर बाकीच्या दस्तांत साधारण पहिलं धरतात, मृत्युपत्रात शेवटचं. ज्याला मन बदलायची मुभा आहे त्याचं शेवटचं बोलणं खरं. त्याच न्यायाने पाच मृत्युपत्रं केली तर शेवटचं चालतं. मात्र रागाच्या भरात पेनाने एखाद्या मुलाचं नाव खोडून ठेवलं तर त्याला अर्थ नाही. तिथेही सही आणि दोन साक्षीदार लागतातच.

प्रांत बदलला की याचा स्वभावही बदलतो. गोव्यात त्याला अर्ध्यावरच बोलायची परवानगी आहे: मुलांचा निम्मा हिस्सा राखीव, उरलेल्या निम्म्यावरच मृत्युपत्राची सत्ता. पोर्तुगीज काळापासूनची ही रीत गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानेही ठेवली. मुसलमान माणसाला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, मात्र त्याचं मृत्युपत्र तोंडीही चालतं. प्रत्यक्ष लढाईवर असलेल्या जवानालाही तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे. दोन जणांसमोर सांगितलं की पुरे. इथेही दोन जण आहेतच.

या कागदाला सगळ्यांत जास्त मागणी असायला हवी ती बायकांकडून, आणि त्याच तो सगळ्यांत कमी करतात. नोकरी करणारी, विधवा, मूलबाळ नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क तिच्या आईवडिलांचा असेल, असं कुणालाही वाटेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ म्हणतं, नवऱ्याच्या वारसांचा. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात असंच झालं. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली मुलगी, सासरने टाकलेली, माहेरी शिकली, नोकरी केली, १९९६ मध्ये वारली. पैशावर आईने हक्क सांगितला आणि नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा पाहिला आणि पैसा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिला. कायद्याचे शब्द स्पष्ट होते. न्यायाधीशांचे हात बांधलेले होते. ते हात सोडवायला तिची सही असलेला एक कागद पुरला असता.

तरुण आईबापांसाठी तर यात एक वेगळंच कलम असतं. आपण दोघं एकदम गेलो तर पोरांना कोण सांभाळणार, त्याचं नाव मृत्युपत्रात लिहिता येतं. फ्लॅट कर्जात, एफडी नाही, ‘आमच्याकडे आहे काय’ म्हणून टाळणाऱ्या जोडप्यांकडे हीच सगळ्यांत मोठी ठेव असते. शेतीवाडीवाल्यांनी मात्र एक भान ठेवायचं: वडिलोपार्जित जमीन सगळी आपली समजून वाटू नये. मृत्युपत्राने आपला हिस्साच देता येतो, आणि त्या जमिनीत आता मुलीचाही जन्मतः हिस्सा आहे. आजोबा-पणजोबांची नावं सातबाऱ्यावर तशीच ठेवून पिढ्या गेल्या. २०२५ मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून ती कमी करावी लागली.

गुण सांगितले, आता दोष. हा कागद मितभाषी आहे आणि त्यामुळे दुष्ट वाटू शकतो. ‘माझा फ्लॅट माझ्या धाकट्या मुलीला द्यावा’ एवढंच तो म्हणतो. ऐकणाऱ्या थोरल्याला त्यात चाळीस वर्षांचा हिशेब ऐकू येतो: कोणाला इंजिनिअरिंगला घातलं, कोणाला बीए करायला लावलं, आजारपणात रात्री कोण उठलं. कागदाने यातलं काहीच म्हटलेलं नसतं, पण खुलासा विचारायला कोणी समोर नसतं, म्हणून प्रत्येक जण आपापल्या मनातला खुलासा वाचतो. एकाला तो प्रेमाचा दाखला वाटतो, दुसऱ्याला अपमानाचा. खटले पैशांवरून उभे राहतात हे खरं. पण समसमान वाटण्या होऊनही चिघळलेली आणि विषम वाटण्या होऊनही हसतखेळत राहिलेली घरं सगळ्यांनी पाहिली आहेत.

फरक पुष्कळदा एका वाक्याचा असतो. ‘थोरल्याच्या शिक्षणासाठी आणि परदेशी जाण्यासाठी आम्ही गावची जमीन विकली, त्याला त्याचा वाटा तेव्हाच मिळाला; धाकटीने लग्नानंतरही आमच्याजवळ राहून आमचं केलं, म्हणून हे घर तिला.’ कायद्याला हे वाक्य लागत नाही. लागत नसलं तरी ते त्याच्या उपयोगी पडतं, कारण जवळच्या वारसाला कारण न देता डावलणं हीच तर गजेंद्रगडकरांनी सांगितलेल्या शंकांपैकी एक. आणि थोरल्याला ते पटलं नाही तरी निदान कशाशी भांडायचं ते कळतं. मिळकतीची यादी मुलं मागाहूनही करतील. सातबारा आणि पासबुकं कुठे पळून जात नाहीत. कारण सांगू शकणारा माणूस मात्र एकच असतो, आणि वकील त्याला गट नंबर विचारतो, खातेक्रमांक विचारतो, नेमकं हेच विचारायचं राहून जातं. त्याने न विचारताच लिहावं.